सिंह कुठे बघतो

विमा कंपनीने लोटलीला पाठवलं,
मेअखेर यादी हवी म्हणून.
रकाने पाच: वस्तू, काळ, घडण, स्थिती, किंमत.

सालुश्तियानो बाब दारात उभे, पायजम्यावर कोट,
हातात किल्ल्यांचा जुडगा, त्यातल्या निम्म्या
कुठल्या कुलपांच्या ते त्यांनाही ठाऊक नाही.
"सावकाश," म्हणाले, "या घरात घड्याळं सात,
चालतं एकच, तेही आपल्या मनाचं."

शिसवी कोच बारा, वेताने विणलेले,
दोन खचलेले. स्थिती: बसू नये.
बेल्जियमचा आरसा, पारा उडालेला;
माणूस खांद्यापर्यंत दिसतो, खाली तपकिरी धूर.
झुंबराचे लोलक मी शिडीवरून मोजले, दोनशे अकरा.
बाब खालून मोजत होते, त्यांचे चौदा आले.
दोनशे बारा लिहून टाकले.
खिडक्यांना काचेऐवजी शिंपले,
उन्हाचं ताक होऊन आत येतं.

ओरातोरीत हस्तिदंती बाळ येशू, वीतभर,
कुशीवर झोपलेला, पायात वाळे.
भिंग लावून पाहिलं. वाळेच.
घडण: हस्तिदंत.
ज्याने कोरलं त्याच्यासाठी रकाना नाही,
त्याच्या घरी कोण रांगत होतं त्यासाठी तर नाहीच.

जेवणघरात मकावहून आलेली ताटं,
एकशे अठरा, पैकी तडकलेली नऊ,
एक पितळी टाक्यांनी शिवलेलं.
प्रत्येकाच्या मध्यावर घराण्याची ढाल,
ताडाचं झाड, आणि सिंह, तोंड डावीकडे.

"हा मूळचा उजवीकडे बघायचा," बाब म्हणाले.
कुणा पूर्वजाने मागणीसोबत मुद्राच पाठवली,
कागदावर छाप उठवायचं राहिलं.
तिकडच्या चिताऱ्याने मुद्रेवर दिसलं तसं उतरवलं.
दीड वर्षाने पेट्या उघडल्या,
गवतातून उलटा सिंह निघाला,
एकशे अठरा वेळा.
परत धाडावं तर आणखी तीन वर्षं,
आणि पुढच्या आठवड्यात बिशप जेवायला.

"मग?"
"मग कितें! गवंडी बोलावला.
फाटकावरचा सिंह फोडून नवा बसवला,
माचिल्यावरचा रंगवला, चमचे वितळवले,
कबरीवरचा दगडसुद्धा बदलला.
तेव्हापासून आम्ही सगळे डावीकडेच बघतो."
हसताना त्यांचा खालचा दात हलतो.

पेन थांबलं.
चूक म्हणावं तर किंमत उतरते,
दुर्मीळ म्हणावं तर चढते.
त्या चिताऱ्याने सिंह कधी पाहिला नसणार,
शेपटीला घोड्याचे केस दिलेत,
डोळ्यांत थोडा माशाचा स्वभाव.
दिवसाला किती ताटं होत असतील?
संध्याकाळी बोटं कशाने पुसत असेल?

आमचे खापरपणजे प्रभू.
मडगावच्या कचेरीतल्या कारकुनाने
कानावर पडलं तसं लिहिलं: पोरोबो.
दुरुस्तीला स्टँप लागतो. राहिलं.

"जेवून जा," बाब म्हणाले, "बांगडे आहेत."
सोमवार नव्हता, थांबलो.
शिवलेलं ताट त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.
मी कागद दाखवला: हे यादीत आहे,
नंबर एकशे सदतीस, फुटलं तर—
"फुटलेलंच तें. म्हणून रोज काढतो.
बाकीच्यांना भिऊन असावं लागतं."

हुमण भातात मुरलं. टाक्यांशी बोट अडत होतं.
बाब त्या लग्नाबद्दल सांगत होते
जिथे झुंबराचे तीन लोलक गेले.
भात सरत आला तसा
पिवळ्या रश्शातून आधी ताड वर आला,
मग शेपूट, मग तो,
माझ्याकडे न बघता.

नंबर एकशे सदतीस. किंमत कोरी ठेवली.
खाली सही केली, रोमन लिपीत,
तिन्ही ओ गोल. कागदाला मासळीचा वास लागला.